पान सहाशे चाळीसपासून

एका सेकंदाचं काम चार मिनिटं चाललं, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. पण माझ्या पाठीशी संचालिकाबाई उभ्या होत्या, दाराशी हेडफोन उभा होता, आणि दोघंही एकदम बोलत होते. पाठीशी उभं राहून कुणी बोलायला लागलं की माझं डोकंच फिरतं.

हेडफोन म्हणजे आमचा रेकॉर्डिस्ट. चाळिशीचा माणूस, दोन मुलांचा बाप, पण गळ्यातला हेडफोन जेवतानाही काढत नाही, म्हणून सगळे त्याला तेच म्हणतात. आम्ही बोलक्या वाचनालयात काम करतो. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी माणसं इथे येऊन पुस्तकं मोठ्यानं वाचतात. हेडफोन ती रेकॉर्ड करतो, मधलं खाकरणं-अडखळणं कापून साफ करतो, आणि हे सगळं ज्या यंत्रांवर साठतं ती यंत्रं मी सांभाळते. जागा म्हणाल तर कुलपांच्या दुकानावरच्या चार खोल्या. त्यातली माझी खोली पूर्वी झाडू-बादल्यांची होती. एका कोपऱ्यात सर्व्हर, दुसऱ्यात मी, आणि मध्ये एक नळ, जो आजवर कुठल्याही प्लंबरला पुरता बंद करता आलेला नाही.

त्या गुरुवारी सकाळी साडेअकराला मुख्य डिस्क काठोकाठ भरली आणि एका बाईंचं रेकॉर्डिंग वाक्याच्या मध्येच थांबलं. बाई तणतणत बाहेर आल्या. संचालिकाबाई म्हणाल्या, परवा पाहुणे येणार आहेत आणि आजच असं कसं झालं. असं कसं झालं म्हणे. गेले सात महिने मी सांगतेय की डिस्क भरत आलीय, नवी घ्या. प्रत्येक वेळी उत्तर ठरलेलं, ‘पुढच्या बैठकीत बघू.’ त्या बैठका कुठे भरतात आणि तिथे काय बघतात, देव जाणे.

‘काहीतरी काढा ना,’ संचालिकाबाई म्हणाल्या.

‘काढते.’

मी काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून काम करणारी बाई आहे. माउस धरून इथे टिचकी मार, तिथे टिचकी मार, असलं मला जमत नाही आणि आवडतही नाही. काळ्या पडद्यावर ‘आरएम’ लिहायचं, पुढे ‘आरएफ’ जोडायचं, मग फोल्डरचं नाव. याचा अर्थ, हे फोल्डर आतल्या सगळ्यासकट पुसून टाक आणि मला काही विचारत बसू नकोस. आणि ते खरंच विचारत नाही. तिथे कचरापेटी नाही, ‘नक्की ना?’ नाही. म्हणून माझा एक नियम आहे, आणि तो मी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडत असते: पुसण्याआधी आत काय आहे त्याची यादी बघायची. डोळ्यांनी बघायची.

मी यादी बघितली. हे मी शपथेवर सांगते. ‘कच्चे’ नावाचं फोल्डर होतं, त्यात संपलेल्या पुस्तकांची कच्ची रेकॉर्डिंगं, आता कुणालाही नको असलेली. आत हेडफोननं केलेली फोल्डरं. ‘नवीन’. ‘नवीन दोन’. ‘अगदी नवीन’. ‘हे बघा’. आणि सगळ्यात खाली ‘साठा’. मी मनात म्हटलं, घ्या, ह्या माणसानं आणखी एक फोल्डर करून ठेवलं. आणि एंटर दाबलं.

पुसायला वेळ लागत नाही. फाइल कितीही मोठी असली तरी कॉम्प्युटर आतला मजकूर खरवडत बसत नाही, फक्त तिचं नाव यादीतून काढतो. सेकंद, दोन सेकंद. इथे पहिलं मिनिट गेलं. दुसरं गेलं. मागे संचालिकाबाई पाहुण्यांना चहा कुठे द्यायचा ते हेडफोनला विचारत होत्या. चौथ्या मिनिटाला पडद्यावर एकच ओळ आली: ‘साठा’ काढता येत नाही, वापरात आहे.

फोल्डर वापरात नसतं. डिस्क वापरात असते.

‘साठा’ हेडफोननं केलं नव्हतं. मी केलं होतं. आठ महिन्यांपूर्वी. साफ करून तयार झालेली पुस्तकं तो दुसऱ्या डिस्कवर ठेवायचा, आणि ती डिस्क त्याला पडद्यावर कधी म्हणजे कधी सापडायची नाही. दिवसातून तीनदा फोन, ‘मॅडम, डिस्क दिसत नाही.’ जोडलेली डिस्क एखाद्या फोल्डरसारखी दिसते, आणि कुठे दिसावी हे मी ठरवू शकते. एक दिवस वैतागून मी ती त्याच्या रोजच्या ‘कच्चे’ फोल्डरच्या आतच दिसेल अशी लावून दिली. म्हटलं, घे, तुझ्या नाकासमोर लावली, आता फोन करू नकोस. त्यानं परत फोन केला नाही आणि मी विसरून गेले. आता माझ्या हुकुमानं ‘कच्चे’ पुसलं, आणि त्यातून आत शिरून सबंध दुसरी डिस्कही पुसली. कच्चं आणि पक्कं, दोन्ही.

मी भिंतीतली पिन उपटली. नाव गेलं तरी मजकूर तिथेच असतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर. म्हणून एक अक्षरही आणखी लिहू द्यायचं नव्हतं. सगळ्या वाचनालयात अंधार झाला, कारण आमच्याकडे सगळं एकाच पिनेवर चालतं, आणि याबद्दलही मी तीनदा लिहून दिलेलं आहे.

‘काय झालं?’ संचालिकाबाई म्हणाल्या.

‘जागा झाली,’ मी म्हटलं. काय बोलतेय ते माझं मलाच कळत नव्हतं.

बाकीच्या पुस्तकांचं निभावलं असतं. ती वाचकांकडे गेलेली होती, त्यांच्याकडून परत आणता आली असती. फक्त एक पुस्तक अजून बाहेर गेलं नव्हतं. सोमवारी जायचं होतं. ‘हाडे, स्नायू व सांधे’, आठशे बारा पानं. मालिश आणि व्यायामोपचार शिकणारी बावीस मुलं-मुली, एकालाही दिसत नाही, सहा आठवड्यांवर परीक्षा, आणि या एका पुस्तकावर सगळं अडलेलं. आणि ते चौदा महिने बसून वाचलं होतं माझ्या सासऱ्यांनी.

बाबा छत्तीस वर्षं एका छापखान्यात प्रूफरीडर होते. शाळेची पुस्तकं तपासायचे. डोळ्यांत तेल घालून म्हणतात ना, तसे. निवृत्त झाल्यावर घरात तपासायला काही उरलं नाही, मग औषधाच्या बाटल्या, लाइटबिल, माझी वाण्याची यादी. ‘साबण’मधला ‘ण’ नीट काढ, म्हणे. साबण आणायचाय मला, छापायचा नाही. सासूबाई गेल्यावर तर दिवसभर आम्ही दोघंच घरात एकमेकांसमोर, कारण नवरा कामासाठी महिन्यातले वीस दिवस बाहेर, आणि तेव्हा मी घरूनच काम करायचे. शेवटी वाचनालयात लागले तशी त्यांनाही सोबत घेऊन आले. म्हटलं, इथे वाचा काय वाचायचं ते. त्यांनी कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक उचललं. याला कुणी हात लावत नाही, हेडफोननं त्यांना सांगितलं होतं. ‘मग हेच,’ बाबा म्हणाले.

रोज अकरा ते साडेबारा. एक दिवस चुकला नाही. मागच्या बुधवारी शेवटचं पान झालं, तेव्हा हेडफोननं स्वतःच्या खिशातून सगळ्यांना बिस्किटं आणली होती.

तर हे मी पुसलं. यादी बघून पुसलं.

दुपारी मी दोन्ही डिस्क पिशवीत घालून डिस्कवाल्याकडे नेल्या. हा माणूस गेलेलं परत काढतो. दुकान म्हणजे एक टेबल आणि मागे माणसाच्या उंचीइतका जुन्या यंत्रांचा ढीग. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘कुणी केलं?’

‘झालं,’ मी म्हटलं.

‘आपोआप होत नाही, ताई.’

‘दहा दिवसांत होईल का ते सांगा.’

‘मिळेल तेवढं देईन. नावं मिळणार नाहीत. नुसते आकडे पडतील. आणि जे मिळेल ते सगळं येईल, ह्या डिस्कवरून कधी काळी जे जे पुसलं असेल ते. मला निवडता येत नाही.’

‘येऊ दे,’ मी म्हटलं. मला काय त्याचं.

घरी बाबांना सांगणं जिवावर आलं होतं. मी येताना मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. भाजी घेतली, नको असलेली. घरी पोचले तर ते स्वयंपाकघरात पाणी ओतून घेत होते, आणि निम्मं ओट्यावर. मी आधीच पेटलेली.

‘बाबा, लक्ष कुठे असतं तुमचं?’

त्यांनी फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागले, जिथे पाणी नव्हतं तिथे. मी फडकं हातातून घेतलं, पुसून टाकलं, आणि तसंच त्यांच्याकडे पाठ करून सांगितलं. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती.

‘सगळं?’ ते म्हणाले.

‘सगळं.’

‘दुसरी प्रत होती ना?’

‘तीही.’

‘दोन्ही एका वेळी कशा गेल्या?’

मी समजावलं. डिस्कच्या आत डिस्क, नाकासमोर लावलेली. प्रूफरीडरच तो, त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही बरोबर जागी लागले. ‘म्हणजे तू यादीत नाव पाहिलंस, आणि वाचलं नाहीस,’ ते म्हणाले. रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

‘दहा दिवसांत काही परत मिळेल,’ मी म्हटलं. ‘जे नाही मिळणार ते पुन्हा वाचू. आठवड्यात होईल थोडंफार.’

‘नाही.’

‘नाही म्हणजे?’

‘मी पुन्हा वाचणार नाही. दुसरं कुणी बघा.’

‘अहो, दुसरं कुणी कसं? अर्धं पुस्तक तुमच्या आवाजात, अर्धं दुसऱ्याच्या? मुलांची परीक्षा आहे, बाबा.’

‘मला ठाऊक आहे परीक्षा आहे ते.’

‘मग?’

‘जमणार नाही मला.’

तेव्हा मी ते बोलले. माझ्या तोंडाला कुलूप नाही हे सगळ्या घराला माहीत आहे, पण हे बोलायला नको होतं. मी म्हटलं, ‘तुम्हाला काय, दिवसभर बसूनच तर असता. दीड तास वाचायचं तर एवढे आढेवेढे कशाला?’

ते उठले आणि खोलीत गेले. जाताना खुर्चीला धडकले. मी मनात म्हटलं, घ्या, आता रागारागानं फर्निचर तोडा.

ते दहा दिवस कसे काढले माझं मला माहीत. संचालिकाबाईंना खरं सांगितलं, त्यांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाल्या की पुढच्या बैठकीत नवी डिस्क मंजूर करून घेऊ. मी हसले. रडण्यापेक्षा बरं. त्या बावीस मुलांच्या शाळेतून रोज एक फोन. तिथल्या शिक्षिका फार सभ्य, कधी आवाज चढवला नाही, फक्त विचारायच्या, ‘आज काही?’ मी रोज म्हणायचे, ‘उद्या.’ हेडफोन वेगळाच. तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहायचा, नळ बंद करायचा प्रयत्न करायचा, जायचा. एकदा म्हणाला, ‘मॅडम, परत मिळालेलं मी ऐकतो हां. तुम्ही कशाला त्रास घेता?’

‘तू ‘अगदी नवीन’ नावाचं फोल्डर करणार. राहू दे. मीच ऐकते.’

‘नाही, म्हणजे त्यात बरंच फालतू असेल.’

‘तुझं फालतू मला पाठ आहे.’

त्याचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, चुकलेय मी आणि अपराधी वाटतंय याला, काय माणूस आहे.

घरी बाबा आणि मी कामापुरतं बोलत होतो. जेवायला या. आलो. मीठ? पुरे. पेपर तसाच घडी घालून पडलेला असायचा. वर्षभर ते पेपर उघडत नव्हते, म्हणायचे, ‘चुकाच चुका असतात, डोकं उठतं.’ मी ते खरं मानलं होतं. छत्तीस वर्षं चुका काढणाऱ्या माणसाला चुकांचा कंटाळा आला, असं मानलं होतं.

दहाव्या दिवशी डिस्क आली. सहा हजार आठशे बारा तुकडे. नाव नाही, क्रम नाही, नुसते आकडे. मी पुस्तक समोर ठेवलं, हेडफोनचाच जुना हेडफोन कानाला लावला आणि ऐकायला बसले. तुकड्याची सुरुवात ऐकायची, पुस्तकात पान शोधायचं, तुकड्याला पानाचा आकडा द्यायचा. दुसऱ्या दिवशीपर्यंत मला मणक्यांची नावं तोंडपाठ झाली. वाचताना बाबांचा आवाज वेगळाच असतो. घरातला कुरकुरा आवाज नाही. प्रत्येक शब्द धुऊन-पुसून ठेवल्यासारखा.

आणि मध्येमध्ये पुसलेलं. डिस्कवाला म्हणाला होता तसं सगळंच आलं होतं. बाबा खोकतायत. बाबा लेखकाला शिव्या देतायत, ‘एका वाक्यात चार ‘परंतु’, मेल्या.’ बाबा हेडफोनला सांगतायत, ‘आमच्या सूनबाईचा हात तिखट, आणि तोंड त्याहून. पण घर तिनं धरून ठेवलंय, हां.’ मी एकटीच हसले. मग ते परत लावून ऐकलं.

चौथ्या दिवशी एक तुकडा लागला, त्यात आधी हेडफोनचा आवाज होता.

‘अंगठ्याच्या मुळाशी तीन लहान स्नायू असतात,’ हेडफोन म्हणाला.

‘अंगठ्याच्या मुळाशी तीन लहान स्नायू असतात,’ बाबा म्हणाले, त्यांच्या वाचायच्या आवाजात.

‘त्यांपैकी पहिला अंगठ्यास तळव्यापासून दूर नेतो.’

‘त्यांपैकी पहिला अंगठ्यास तळव्यापासून दूर नेतो.’

मला वाटलं, आवाज तपासत असतील. पण ते चालूच राहिलं. एक ओळ तो, एक ओळ हे. अर्धं पान झालं. मग बाबा थांबले.

‘‘आणि’ म्हणालास की ‘किंवा’?’

‘‘किंवा’, काका.’

‘नीट बघ रे. अर्थ बदलतो. तुझ्या डोळ्यांच्या भरवशावर बसलोय मी.’

‘‘किंवा’च आहे.’ मग हेडफोन म्हणाला, ‘काका, घरी सांगा ना आता. मॅडमना तरी.’

‘तिला सांगितलं तर उद्यापासून येऊ देणार नाही मला. जिना आहे, रस्ता आहे, म्हणेल. आणि तिचं बरोबरच असेल. तिला आधीच काय कमी व्याप आहेत? एवढी पानं होऊ देत, मग सांगतो मीच.’

‘डॉक्टर काय म्हणाले?’

‘मधलं गेलेलं परत येत नाही म्हणाले. जाऊ दे. चल, पुढची ओळ. आणि हे पुस बरं का. बोलणं पुस, वाचलेलं ठेव.’

मी हेडफोन काढला. कान गरम झाले होते. नळ टपटपत होता आणि मी त्याच्याकडे बघत किती वेळ बसले होते मला सांगता येणार नाही. ओट्यावरचं पाणी. खुर्ची. घडीतला पेपर. गेल्या महिन्यात त्यांनी चहात मीठ घातलं, तेव्हा मी म्हटलं होतं, ‘बाबा, डोळे उघडे ठेवून काम करत जा.’ आणि ते हो म्हणाले होते.

मी हेडफोनला हाक मारली. तो आला आणि माझ्याकडे बघूनच समजला.

‘केव्हापासून?’

‘पान सहाशे चाळीसपासून,’ तो म्हणाला. ‘त्याच्या आधी भिंग होतं. मग भिंगानंही होईना. मॅडम, मी पुसलं होतं हो ते. प्रत्येक वेळी पुसायचो.’

‘मला का नाही सांगितलंस?’

‘त्यांनी हात धरला माझा. म्हणाले, तोंडातून शब्द काढलास तर हे पुस्तक अर्धंच राहील.’

माझ्या मनात त्याला द्यायला पुष्कळ होतं. तयार होतं, ओठांवर होतं. डॉक्टरकडे जाऊन आलेलंही ह्यानं माझ्यापासून लपवलं? माझ्या घरातलं माणूस, आणि ह्याला कळतं, मला नाही? पण ज्याला सगळ्यात जास्त ऐकवायला हवं होतं ती मीच होते. एका छताखाली राहून मी बघितलं होतं, आणि वाचलं नव्हतं. मी त्याला एवढंच म्हटलं, ‘तो नळ राहू दे. जा, चहा घे.’

संध्याकाळपर्यंत हिशेब लागला. जवळजवळ सगळं पुस्तक मिळालं होतं. तीन अध्याय कुठेच नव्हते: गुडघा, घोटा आणि पाऊल. अठ्ठावन्न पानं.

घरी आले तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. मी समोर बसले.

‘बाबा, तीन अध्याय गेलेत. बाकी सगळं मिळालं.’

‘मी सांगितलंय, मला वाचायला जमणार नाही.’

‘तुम्ही वाचायचं नाही. मी वाचते. तुम्ही मागून म्हणायचं.’

टेबलावरचा हात बाबांनी हळूच मांडीवर घेतला.

‘तो बोलला?’

‘नाही. पुसलेलं सगळं परत आलं.’

‘सगळं?’

‘सगळं.’

‘तुझ्या तोंडाबद्दल बोललो होतो, तेही?’

‘तेही.’

‘ते खरं आहे,’ बाबा म्हणाले.

मग मी विचारलं. वर्षभरापूर्वी विचारायला हवं होतं ते त्या दिवशी विचारलं. ‘बाबा, किती दिसतं तुम्हाला?’

‘कडेकडेचं दिसतं. मधलं नाही. दार दिसतं, खिडकी दिसते. तू समोर बसलीस की तुझे खांदे दिसतात. तोंड दिसत नाही. वर्ष होईल, तुझं तोंड पाहिलं नाही मी. आवाजावरून ओळखतो, आज चिडलीयस की नाही.’

‘आणि?’

‘चिडलेलीच असतेस.’

तक्रार नव्हती त्यांची. विचारलं म्हणून सांगितलं. मी रडले. आवाज न करता रडले, त्यामुळे ते तसेच माझ्या दिशेनं बघत बसून राहिले, मी काय बोलते त्याची वाट बघत.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही दोघं रेकॉर्डिंगच्या खोलीत बसलो. जिन्यावर मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला, मग चौथ्या पायरीवर परत दिला. हेडफोन काचेपलीकडे. बाबांनी सांगितलं, मी दोन ओळींच्या मध्ये थांबायचं, पान उलटताना आवाज करायचा नाही, आणि माझा आवाज हेडफोन नंतर कापून टाकील. मी पुस्तक उघडलं आणि गुडघ्याची पहिली ओळ वाचली.

‘हळू,’ बाबा म्हणाले. ‘आणि ओरडू नकोस.’

‘मी कुठे ओरडतेय?’

‘तुला तसं वाटतं.’

काचेपलीकडे हेडफोननं खाली मान घातली. मी एक घोट पाणी प्यायले, श्वास घेतला, आणि तीच ओळ परत वाचली, जितक्या हळू आणि जितक्या मऊ आवाजात मला वाचता येईल तितक्या. बाबा ऐकत होते. लगेच मागून म्हणाले नाहीत.

‘आणखी एकदा,’ ते म्हणाले. ‘ओळ कळली मला. पण आणखी एकदा वाच.’